काकांच्या टेबलाविषयी मी लिहिलं ते

रविवार, ४ फेब्रुवारी

आई म्हणाली, भिंतींशी बडबडण्यापेक्षा वहीत लिही, निदान मला माझी मालिका तरी ऐकू येईल. म्हणून ही वही.

आज काकांच्या टेबलावर माझा अपमान झाला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

हे काका माझे सख्खे कुणी नव्हेत. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे, आता निवृत्त. दर रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही तिघं जमतो. मी, चौकातला औषधवाला, आणि काकांचा भाचा, जो एका वकिलाकडे टायपिंग करतो. काका सूत्रधार. ते एक जग सांगतात, आम्ही त्यात एकेक माणूस होऊन वावरतो, काय करणार ते तोंडाने सांगतो, आणि जिथे नशिबाचा प्रश्न येतो तिथे फासे टाकतो. एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, तिथले दादा म्हणतात, ही मोठ्यांची भातुकली. असेना का. आठवडाभर लोकांचे खोटे दात घासून झाल्यावर मला रविवारी तीन तास कुणी दुसरी व्हायला मिळतं. मी नावाडीण आहे. कुणाला न घाबरणारी.

आज काका म्हणाले, तुझी होडी मागच्या खेपेला जळाली. जळाली नव्हती. आम्ही ती खाडीत बांधून ठेवली होती. मी टिपणं दाखवली तर लालबुंद झाले. "मी असं कधी बोललोच नाही. तू मनाने लिहिलंस." भाचा मान खाली घालून बसला. औषधवाला हातातला फासा घोळवत राहिला. मग काकांनी भाच्याला लागोपाठ दोनदा पाळी दिली आणि माझी गाळली.

शेवटी रक्ताचं नातं.

रविवार, ११ फेब्रुवारी

काल भाच्याचा निरोप आला की उद्या खेळ नाही, मामांना बरं नाही. ठीक आहे. आज अकरा वाजता काकांचाच फोन. "अगं कुठे आहेस? सगळे खोळंबलेत." मी म्हटलं, मला तर नाही म्हणून कळवलं होतं. ते म्हणाले, छे, कुणी कळवलं? मागे कुणाचाच आवाज नव्हता, फक्त काकू म्हणत होत्या, ठेवा आता फोन.

म्हणजे मला टाळून खेळले, आणि वर मलाच जाब. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, वय झालंय गं त्यांचं. मी म्हटलं, सत्तरी काही वय नाही, तुझं पंच्याहत्तर आहे आणि तू मला शाळेतले माझे मार्कही सांगशील. सांगितलेही तिने. गणितात एकतीस.

रविवार, १८ फेब्रुवारी

नावाडीण मेली.

फासा न टाकता. काका सहज म्हणाले, ती तर मागेच बुडाली, तू आता कोण होणार? मला वाटलं गंमत. मी हसले. ते हसले नाहीत. मी म्हटलं, काका, निदान एक फासा तरी टाकू द्या मला. त्यावर मला म्हणतात, "ताई, तू उगाच हट्ट करतेस."

ताई. माझ्याहून तीस-बत्तीस वर्षांनी मोठा माणूस मला ताई म्हणतो, हा टोमणा नाही तर काय? काकू हल्ली खेळ चालू असताना तिथेच शिवण घेऊन बसतात, पूर्वी कधी बसायच्या नाहीत. पाळत ठेवल्यासारख्या. त्या पटकन म्हणाल्या, चहा घेता का सगळे?

मी उठले. भाचा जिन्यात मागे आला, ऐक ना, एक मिनिट, म्हणत. मी थांबले नाही. मला रडताना त्याने बघायला नको होतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत फोनवरून इंटरनेटवरच्या 'फाशांचा कट्टा'वर लिहिलं. सहा हजार माणसं आहेत तिथे, सगळी हाच खेळ खेळणारी. मी आजवर फक्त वाचायचे. लोक आपापल्या टेबलांची गाऱ्हाणी मांडतात आणि बाकीचे निवाडा देतात.

नाव लिहिलं नाही. लिहिलं की सूत्रधार स्वतः बोललेलं नाकारतो, मी लिहून ठेवलेलं खोटं ठरवतो, मला वगळून खेळतो, आपल्या माणसाला झुकतं माप देतो, सगळ्यांसमोर टोमणे मारतो, आणि शेवटी माझं सहा वर्षांचं पात्र त्याने फासा न टाकता मारून टाकलं. सगळं खरं. भाचा जिन्यात आला होता ते लिहिलं नाही, कारण त्याचा काही संबंध नव्हता. खेळातले नकाशे ते स्वतः हिरव्या शाईने काढतात आणि एखाद्या डागावरून सगळा कागद फाडतात, हे लिहिलं. माणूस कसा आहे ते कळावं म्हणून.

बुधवार, २१ फेब्रुवारी

चारशे बारा उत्तरं.

एका दाढेचा रंग चुकवला आज, कारण फोन सारखा बघत होते. दादांनी ती दाढ माझ्यासमोर आणून ठेवली.

पण चारशे बारा! मी कोण, कुठली, एक दात बनवणारी बाई, आणि एवढी माणसं माझ्या बाजूने. 'लोखंडी फासा' नावाच्या एकाने लिहिलं, हा माणूस तुझ्या डोक्याशी खेळतोय, तुझ्या आठवणीवरून तुझाच विश्वास उडवायचा, ही जुनी युक्ती आहे. दुसऱ्याने पाच लेख पाठवले. मी वाचले. एकूण एक लक्षण जुळतं! असले लोक आधी जीव लावतात, असंही त्यात आहे. काकांनी माझ्या वाढदिवसाला नावाडिणीच्या गावाचा नकाशा काढून दिला होता. मला तेव्हा कळलंच नाही.

एका नर्सने मात्र विचारलं, त्यांचं वय काय? इतरही गोष्टी विसरतात का? लोक तिच्यावर तुटून पडले. म्हणे अशा माणसांना सबबी शोधून देणारेच जास्त घातक. तिने दोनदा समजवायचा प्रयत्न केला आणि मग गप्प झाली. मीही तिच्या उत्तरावर उलटा अंगठा दिला. मी सगळं सोसलेलं, आणि ही उंटावरून शेळ्या हाकणार.

शनिवार, २४ फेब्रुवारी

हिरव्या शाईवरून कुणीतरी ओळखलं.

काका कित्येक वर्षं आपले नकाशे कट्ट्यावर ठेवत आले आहेत, कुणीही घ्यावेत, कुणीही वापरावेत. दोनशेवर असतील. निम्म्या कट्ट्याने त्यांच्या डोंगरांत खेळ मांडलेत. आता तेच लोक म्हणतात, आम्हाला त्या रेघांतच काहीतरी विकृत दिसायचं.

कट्ट्याची देखरेख करणारा 'कोतवाल' म्हणून आहे. त्याने मला वेगळा निरोप पाठवून विचारलं, तोच का? हो की नाही, एवढंच सांग. मी विचार करून लिहिलं, मी कुणाचंही नाव घेणार नाही. मला वाटतं हे सभ्यपणाचं झालं.

त्याने माझं उत्तर जसंच्या तसं सगळ्यांपुढे ठेवलं. खाली लोकांनी लिहिलं, कळलं.

शुक्रवार, १ मार्च

नकाशे काढून टाकले. सगळे. काकांचं खातं बंद केलं. कधी त्यांना न भेटलेल्या सात जणांनी लिहिलं की त्यांनाही काका विचित्र वाटले होते. एकाने तर सांगितलं की अमुक मेळाव्यात ते त्याच्यावर ओरडले. काका कुठल्याही मेळाव्याला कधी गेलेले नाहीत, त्यांना गर्दी सोसत नाही. हे मी लिहायला हवं होतं. पण तो बिचारा मनापासून लिहीत असेल, त्याला खोटं कसं पाडायचं?

औषधवाल्याचा फोन आला. म्हणाला, लिहिलेलं काढून टाक. मी म्हटलं, खोटं काय आहे त्यात? तो म्हणाला, "मला जास्त विचारू नकोस. मला सांगता येत नाही. त्या माणसाला सोड." मी म्हटलं, तूही त्यांचाच निघालास. आईच्या गोळ्या आता दुसऱ्या दुकानातून आणते. दोन चौक लांब पडतं.

कोतवालाने मला कट्ट्यावर मदतनीस केलंय. नव्याने गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांना धीर द्यायचं काम. माझ्या नावापुढे छोटी ढाल दिसते.

शनिवार, १६ मार्च

लॅबमध्ये भाचा आला. मी मेणाचा दात कोरत होते. दादांनी दोघांना आतल्या खोलीत, प्लास्टरच्या पोत्यांजवळ बसायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

तो भांडायला आला नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं. गुडघ्यांवर हात ठेवून, वकिलासाठी कागद वाचतात तसं एका सुरात सांगितलं. जानेवारीत तपासण्या झाल्या. मामांचा मेंदू झिजतोय. याला औषध नाही, फक्त जरा हळू होईल एवढंच. डॉक्टर म्हणाले, रविवारचा खेळ मात्र थांबवू नका, तेवढ्या वेळात ते सर्वांत जास्त जागे असतात. मामांनी घरातल्या सगळ्यांकडून वचन घेतलं की टेबलावर कळू द्यायचं नाही, निदान ही गोष्ट पुरी होईपर्यंत. लोक कीव करायला लागले की खेळ मरतो, म्हणाले.

"त्या दिवशी जिन्यात मी वचन मोडायलाच आलो होतो," भाचा म्हणाला.

ताई कोण ते मी विचारलं. मामांची थोरली बहीण, म्हणजे त्याची मोठी मावशी. मामा लहान असताना नदीत बुडाली.

औषधवाल्याला ठाऊक होतं. गोळ्या त्याच्याच दुकानातून जात होत्या, आणि गिऱ्हाइकाचं दुखणं बाहेर बोलायचं नाही हा त्याचा नेम.

मग भाच्याने सांगितलं ते मला लिहायलाही होत नाही, पण लिहिते. मामांनी कट्ट्यावरचं सगळं वाचलंय. रोज सकाळी उठून ते नकाशे बघायला कट्टा उघडतात. खातं बंद असलं तरी वाचता येतं. नकाशे नसतात, माझं लिहिणं असतं. ते वाचतात, खालची उत्तरं वाचतात, आणि सकाळभर बसून राहतात. संध्याकाळपर्यंत विसरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यांदा वाचतात.

मी विचारलं, किती दिवस?

म्हणाला, तूच मोज.

सोमवार, १८ मार्च

माझं लिहिणं काढलं. त्या जागी नवं लिहिलं, कसलाही आडपडदा न ठेवता. ते आजारी आहेत. मी अर्धवट बघितलं आणि पुरं समजून लिहिलं. नकाशे परत ठेवा. नर्स बरोबर होती.

पहिलं उत्तर आलं, तुझ्यावर कुणी दबाव आणलाय का? दुसरं, हे तू लिहिलेलं वाटत नाही. 'लोखंडी फासा' म्हणाला, बघा, छळलेली माणसं शेवटी छळणाऱ्याचीच बाजू घेतात. मी लिहिलं, मी शुद्धीवर आहे. त्यावर कुणीतरी प्रेमाने समजावलं, त्यांनी तुझा स्वतःवरचा विश्वास किती उडवलाय ते तुझं तुला कळत नाही.

संध्याकाळी वारं फिरलं. म्हणजे पहिल्यांदा खोटं बोलली. आमच्या भावनांशी खेळली. ढाल गेली. कोतवालाने चर्चेला कुलूप घातलं आणि खाली लिहिलं, दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा. दोन्ही बाजू म्हणजे कोण कोण, ते त्यालाच माहीत.

माझ्या जुन्या लिहिण्याच्या प्रती निदान नऊ ठिकाणी आहेत. एक माणूस ते मोठ्याने वाचून दाखवतो, आवाज चढवून, मधे मधे थांबून. मी त्याला विनंती केली. त्याने माझी विनंतीही वाचून दाखवली.

नर्सला क्षमा मागणारा निरोप पाठवला. तिने तो बघितल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

रविवार, ३१ मार्च

काकूंनी दार उघडलं. मला वाटलं होतं त्या मला उभं करणार नाहीत. त्यांनी आत घेतलं. म्हणाल्या, आज बरे आहेत, बस.

काका टेबलापाशीच होते. मला बघून उभे राहिले, नाव घेऊन हाक मारली, आणि एक कागद पुढे केला. त्यांच्या त्या नकाशातल्या, कोरल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं की माझ्याकडून तुला जो त्रास झाला त्याबद्दल मी शरमिंदा आहे. मला त्यातलं काही आठवत नाही, पण इतकी माणसं म्हणतात म्हणजे घडलंच असणार. न आठवणं ही सबब नव्हे.

मी म्हटलं, काका, तुम्ही काही केलं नाहीत. तुम्ही आजारी आहात, मला माहीत नव्हतं. चूक माझी आहे.

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "खरंच?" म्हणाले. "बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?"

नाही म्हटलं. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांचा चेहरा सुटला. दीड महिन्यात पहिल्यांदा, काकू म्हणाल्या. चहा प्यायले, मला नावाडिणीबद्दल विचारलं, खाडी कशी पार केली होती ते मीच त्यांना सांगितलं. परत येताना मी रस्ताभर रडले. पण ते बरं रडणं होतं.

रविवार, ७ एप्रिल

काकांनी उभं राहून कागद पुढे केला. तीच वाक्यं. मी तीच उत्तरं दिली. त्यांनी पुन्हा विचारलं, बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. कॉम्प्युटर त्यांनी केव्हाच भाच्याकडे पाठवलाय. पण काकांनी माझं लिहिणं आधीच हाताने उतरवून घेतलं होतं. पुन्हा अशी चूक होऊ नये, विसरू नये, म्हणून. एक प्रत नकाशांच्या खणात, एक चष्म्याच्या डबीत, एक कोटाच्या खिशात. प्रत सापडली की काकू फाडतात. "पण आणखी एक असतेच गं," म्हणाल्या. "इतकी वर्षं कागद जपून ठेवायची सवय."

मी विचारलं, मी म्हटलेलं, चूक माझी आहे ते, उतरवून घ्यायला सांगू का त्यांना?

सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं. खाली आपल्याच हाताने जोडलं: ती भली आहे, म्हणून असं म्हणते.

रविवार, ५ मे

या मधल्या सगळ्या रविवारी गेले. लिहिण्यासारखं काही नाही. कागद, तीच उत्तरं, चहा. कधी चेहरा सुटतो, कधी नाही. डॉक्टरांनी भाच्याला सांगितलं की घडलेलं विसरतात, पण त्याचा सल राहतो. कशाचा सल, ते त्यांना आठवत नाही तेव्हाही.

आज काकूंच्या सांगण्यावरून चौघं पुन्हा टेबलाला बसलो. औषधवाला माझ्याशी बोलला नाही, पण माझ्यासाठी खुर्ची ओढली. भाच्याने फासे काकांच्या हातात दिले. काकांनी सुरुवात मात्र अशी केली की अंगावर काटा आला. धुकं, एक पडका पूल, पलीकडे कुणीतरी हाक मारतंय. तोच जुना आवाज. मी म्हटलं, मी पुलावर पाय ठेवते.

काका थांबले. "त्याने तुला त्रास नाही ना होणार?"

नाही, काका.

"नक्की? पूल तुटला तर?"

भाचा म्हणाला, मामा, तुटला तर तुटला, खेळ आहे. काकांनी फासे मुठीत धरले ते टाकलेच नाहीत. पूल मजबूत आहे, म्हणाले. पलीकडे कुणी नाही. सगळे सुखरूप घरी गेले. मग औषधवाल्याला विचारलं, तुम्हाला त्रास नाही ना झाला? आणि फासे एकेक करून डबीत ठेवून झाकण लावलं.

औषधवाला खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पाठ आमच्याकडे.

गुरुवार, १६ मे

दादा म्हणाले, तू हल्ली कुणाशी वाद घालत नाहीस. पूर्वी दाढेच्या एका कोपऱ्यावरून तासभर घालायचीस. मी म्हटलं, माझं बरोबर असेल असं वाटत नाही. ते म्हणाले, दाढेच्या बाबतीत असतं.

आई रोज विचारते, कशी आहे त्यांची तब्येत? मी म्हणते, ठीक. ती पुढे विचारत नाही. वय झालंय हे मी तुला आधीच सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाली नाही. माझे गणितातले मार्क उकरून काढणारी बाई.

रविवार, २ जून

आज दार काकांनीच उघडलं. काकू आत धुण्यात होत्या, पाण्याचा आवाज येत होता. कपडे नीटनेटके, केस विंचरलेले. माझ्याकडे बघून अनोळखी माणसाकडे हसतात तसे सौजन्याने हसले.

"खेळायला आलात?"

हो म्हटलं.

त्यांनी मागे वळून आत बघितलं, आणि बाहेर येऊन दार मागे लोटून घेतलं. आवाज खाली आणला. "तुम्ही भल्या दिसता, म्हणून सांगतो. इथे बसू नका. इथला सूत्रधार माणसांना फार छळतो. एका मुलीला त्याने इतकं छळलं की तिला ते चारचौघांत मांडावं लागलं. मी वाचलंय."

मी म्हटलं, काका, तो तसा नाही. मी ओळखते त्याला. सहा वर्षं त्याच्या टेबलाला बसलेय.

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे इतक्या कळवळ्याने बघितलं की मला बघवेना. "तीही आधी असंच म्हणायची," म्हणाले. "जा तुम्ही. कुणी अडवायच्या आत जा."

काकूंना हाक मारता आली असती. आत जाऊन कागद घेऊन, तीच उत्तरं देता आली असती. मी म्हटलं, बरं. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं.

ते आत गेले. कडी लागली. मी जिन्याची पहिली पायरी उतरले तोच पाण्याचा आवाज थांबला आणि काकूंनी विचारलेलं ऐकू आलं, कोण होतं हो? काकांचा आवाज मला कितीतरी महिन्यांत इतका मोकळा ऐकू आला नव्हता.

"एक बाई होती. वाचवली तिला."